आधी मुलांची पंगत

वाचकाचं पत्र :

"काकू, नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मार्चच्या पहिल्या रविवारी आमच्या मुलाला तीन वर्षं पूर्ण होतात. वाढदिवस घरच्याच गच्चीवर करायचं ठरलंय. मुलं १८ येतील. त्यातली ८ त्याच्याच वयाची, बाकीची ५ ते १० वर्षांची. मोठी माणसं ३५. यजमानांना केटरर सांगायचाय. चाट, पिझ्झा, नूडल्स, चॉकलेटचं कारंजं, संध्याकाळी साडेसातला. माणशी ३५० रुपये सांगितलेत आणि दोन वर्षांच्या मुलाचंही पूर्ण ताट धरणार म्हणे. सासूबाईंना बाहेरचं नको, पुरणपोळी घरीच करू म्हणतात. त्यांचं वय ६६, गुडघे दुखतात. मी बँकेत आहे, मार्च महिन्यात आमचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच असेल. शेजारचं जैन कुटुंब येणार आहे. मुलाच्या बालवाडीतल्या एका मैत्रिणीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, असं तिची आई अगदी संकोचून म्हणाली. आणि आमचे चिरंजीव वरणभात सोडून काही खात नाहीत. कुणाचं ऐकू आणि काय करू?"

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या आकड्यांचा आधी गुणाकार केला. ५३ माणसं, माणशी ३५०, म्हणजे १८,५५० रुपये. मग पदार्थांची यादी पुन्हा वाचली. ज्याचा वाढदिवस आहे तो पोरगा त्यातलं काहीच खाणार नाही. त्याच्या वयाची बाकीची सात जणंही चाटाची पुरी हातात धरून हिंडतील, नूडल्स अंगावर सांडतील आणि घरी जाऊन दूध-पोळी मागतील. शेजारच्यांनी सूर्यास्तानंतर जेवायचं सोडलेलं असेल, तर साडेसातला ते नुसते हात जोडून उभे राहतील. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली ती चिमुरडी तर आईच्या कडेवरून खालीच उतरणार नाही. इतके पैसे ओतून नेमके हेच उपाशी राहणार असतील, तर यादी चुकली आहे. पदार्थ बदलून ती सुधारणार नाही. आधी वेळ बदला.

तीन वर्षांचं मूल दुपारी एक ते तीन झोपतं, चार वाजता ताजंतवानं असतं, पाच-सव्वापाचला त्याला भूक लागते आणि सातच्या पुढे ते किरकिरायला लागतं. साडेसातची वेळ दिलीत की माणसं आठला येणार. आत्याबाई वाटेत आहेत म्हणून केक साडेआठपर्यंत थांबणार. तोवर तुमचा मुलगा नव्या कपड्यांत घामेजून आजीच्या मांडीवर झोपलेला असेल आणि त्याला हलवून हलवून सुरी हातात देतानाचे फोटो निघतील. असे फोटो आपल्या सगळ्यांच्या घरी आहेत. त्यापेक्षा साडेचार ते सात अशी वेळ ठेवा. मार्चच्या सुरुवातीला सांगलीत सूर्य साडेसहानंतरच मावळतो, म्हणजे शेजारच्यांनाही निवांत खाऊन होतं. गच्चीवर साडेचारला ऊन असणारच, तेव्हा पश्चिमेच्या बाजूला कापड बांधून घ्या आणि पहिला अर्धा तास मुलांना खाली हॉलमध्ये खेळू द्या. निमंत्रणात दोन्ही वेळा स्पष्ट लिहा, "साडेचार ते सात, फराळाची सोय केली आहे." पूर्ण जेवण नाही हे माणसांना आधी कळलं की कुणी मनात काही धरत नाही.

वेळ बदलली की पदार्थांचा पसाराही आपोआप आवरतो. पाच वाजता कुणाला पंचपक्वान्नं नको असतात. पण काय करायचं ते सांगण्याआधी काय करायचं नाही ते सांगते, कारण माझा जीव तिथे अडकलाय.

माझा भाचा पावणेतीन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. घरात बारसं होतं. आपल्याकडे चार माणसं जमली की भडंग असणारच, तशी परात सतरंजीवर ठेवलेली. हा पळता पळता आला, मूठभर भडंग तोंडात कोंबलं आणि तसाच पळाला. ठसका लागला. कुणीतरी पाठ थोपटली, पाणी पाजलं, तो थांबला, हसायला लागला आणि आम्ही ते विसरून गेलो. चौथ्या दिवशी खोकला सुरू झाला, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, मग ताप. दोन ठिकाणी कफाचं औषध झालं. शेवटी मिरजेतल्या एका डॉक्टरांनी माझ्या बहिणीला विचारलं, "या आठवड्यात त्याला कधी ठसका लागला होता का?" तिच्या डोळ्यांसमोर ती परात आली. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. त्याला भूल देऊन, श्वासनलिकेत दुर्बीण घालून अर्धा दाणा बाहेर काढला. एवढासा अर्धा दाणा. तो मुलगा आज धडधाकट आहे, पण तेव्हापासून लहान मुलांच्या घोळक्यात मला परात दिसली की मी उठून ती वर ठेवते.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांची श्वासनलिका अरुंद असते, दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि चावणं-गिळणं अजून बसलेलं नसतं. त्यामुळे टणक, गोल, गुळगुळीत आणि चिवट हे चारही प्रकार त्यांच्या हाती लागू देऊ नका. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खे काजू-बदाम, गोळ्या, जेली, केकवरचे ते चंदेरी मणी, गाजर-काकडीचे कडक तुकडे, हे सगळं त्या दिवशी नकोच. आणि द्राक्षं. मार्च म्हणजे आपल्याकडे हंगाम ऐन भरात. तासगावकडचं कुणीतरी पेटी घेऊन येणारच आणि कौतुकानं प्रत्येक मुलाच्या हातात घोस देणारच. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखं घट्ट बसतं, साल गुळगुळीत असल्यानं निघता निघत नाही. द्राक्षं द्या, जरूर द्या, पण उभी चिरून चार फोडी करून. आडवं कापलेलं अर्धं द्राक्ष गोलच राहतं, म्हणून उभंच चिरायचं. हे काम वेळखाऊ आहे. शनिवारी रात्री एखाद्या नणंदेला किंवा भावजयीला ते नेमूनच द्या. डबा फ्रिजमध्ये ठेवा. पेटी आणणाऱ्या पाहुण्याचे आभार मानून पेटी आतल्या खोलीत न्या, मोठ्यांना जाताना द्या. बेदाणे घालायचे असतील तर भिजवून, चिरून.

आणखी एक गोष्ट, जी खाण्यात मोडत नाही पण खाल्ली जाते. औक्षणाच्या ताटातली सुपारी. ओवाळून झालं की ताट खालीच राहतं, सगळे केककडे वळतात, आणि सुपारी नि अंगठी कुणा लहानग्याच्या तोंडात जाऊ शकते. ओवाळणाऱ्या शेवटच्या बाईनं ताट उचलून देवघरात नेऊन ठेवायचं, हे आधीच ठरवा. फुटलेल्या फुग्यांचे तुकडेही तसेच लगेच वेचायचे.

त्यातूनही ठसका लागलाच तर? मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या, तोच सगळ्यात चांगला उपाय. आवाज बंद झाला, रडताही येत नाही, ओठ निळसर पडतायत असं दिसलं तर ती वेळ पाणी पाजण्याची नाही. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थापा द्यायच्या. तेवढ्यानं नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मुठीनं आत आणि वर असे पाच झटके, पुन्हा थापा, पुन्हा झटके. दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन लावायचा. दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, त्यानं घास आणखी खाली जातो. हे वाचून हातात येत नाही. लसीकरणाला जाल तेव्हा तुमच्या बालरोगतज्ज्ञांना पाच मिनिटं मागा आणि तुम्ही दोघांनीही ते प्रत्यक्ष बघून घ्या. आणि माझ्या बहिणीसारखं होऊ नये म्हणून, ठसका थांबला तरी नंतर खोकला किंवा घरघर राहिली तर डॉक्टरांना "ठसका लागला होता" हे वाक्य आपणहून सांगा.

आता पंगत. घास अडकायची भीती जास्त ती पळताना, हसताना, उड्या मारताना. गच्चीवर बुफे मांडला की मुलं ताट घेऊन पळणारच, त्यांचा दोष नाही. म्हणून १८ मुलांची पंगत बसवा. दोन सतरंज्या समोरासमोर, मध्ये वाढायला वाट. पाठीमागे भिंत. छोट्या आठ जणांमागे त्यांच्या आया किंवा बाबा बसतील. ताटाऐवजी स्टीलची खोलगट ताटली आणि एक वाटी, शेजाऱ्यांकडून मागून आणा. कागदी ताटली मांडीवर कलंडते. पंगत ही आपल्या घरची जुनीच रीत आहे. मुलांना ती फार आवडते, कारण सगळ्यांना एकाच वेळी, एकसारखं आणि कुणीतरी वाकून वाढतं. सव्वापाचला मुलांची पंगत, ती उठल्यावर मोठ्यांचं. हा क्रम कुणासाठीही मोडू नका, अगदी मामंजी घाईत असले तरी.

मुलांच्या ताटलीत काय? मऊ छोट्या इडल्या, वर तूप. तीन वर्षांच्या मुलाला दोन-तीन पुरतात, आठ-दहा वर्षांचं मूल सहासुद्धा खातं. मऊसर मटार-भात, मटार बोटानं चेपले जातील इतके शिजवलेले, तिखट नाही, मिरीसुद्धा नाही. केळ्याच्या चकत्यांचे तुकडे, पिकल्या पपईच्या फोडी, चिरलेली द्राक्षं. एका वाटीत थोडी खीर. संपलं. दिसायला कमी वाटेल, पण १८ ताटल्या बऱ्यापैकी रिकाम्या होऊन परत येतात की नाही बघा. लहान मुलाला पाच अनोळखी पदार्थ एकदम दिसले की ते घाबरून एकही खात नाही.

त्या लहानग्या मैत्रिणीबद्दल. तिची आई संकोचून बोलली, याचंच मला वाईट वाटलं. आपल्याकडे शेंगदाणा नसलेला पदार्थ शोधावा लागतो. कूट कोशिंबिरीत, कूट उसळीत, दाणे पोह्यांत, चटणी ताटात, आणि तेल घाण्यावरचं शेंगतेल. अशा घरांत ते मूल घेऊन जायचं म्हणजे त्या बाईला रोज माफी मागितल्यासारखं वाटत असणार. तुम्ही आजच तिला फोन करा आणि चार गोष्टी विचारा. खाल्ल्यावर नेमकं काय होतं, अंगावर गांधी उठतात की ओठ सुजतात, श्वासाला त्रास होतो? काजू-बदाम-तीळ चालतात का? डॉक्टरांनी कोणतं औषध किंवा इंजेक्शन जवळ ठेवायला सांगितलंय आणि ते त्या दिवशी कुणाकडे असेल? आणि मुलीसाठी तिनं घरून डबा आणला तर तिला बरं वाटेल का? आणते म्हणाली तर मनाला लावून घेऊ नका. तिनं काय काय पाहिलंय ते आपल्याला माहीत नसतं.

एका मुलीसाठी वेगळं ताट करण्यापेक्षा मुलांची अख्खी पंगतच शेंगदाण्याशिवाय करा, आणि खरं तर सगळा कार्यक्रमच. त्या दिवशी घरात भडंग आणू नका. सांगलीच्या माणसाला हे सांगताना मलाही जड जातंय, पण एक दिवस राहू दे. नुसते दाणे वगळून भागत नाही. तोच चमचा, तीच कढई, कुटाचा हात लागलेला तोच पाटा, एवढ्यानंही काही मुलांना त्रास होतो. घाण्यावरच्या तेलात दाण्याचा अंश राहतो, म्हणून त्या दिवसासाठी सूर्यफुलाच्या तेलाची नवी पिशवी फोडा किंवा सगळं तुपात करा. केक सांगताना बेकरीत विचारा की वर किंवा आत शेंगदाण्याचा, काजूचा चुरा आहे का आणि तो त्याच टेबलावर वापरतात का. ठाम उत्तर मिळालं नाही, तर केक तिला द्यायचा की नाही हे तिच्या आईवर सोडा. खाल्ल्यावर अंगावर गांधी, ओठांना सूज, उलटी, दम लागणं असं काहीही दिसलं तर "बघू थोडा वेळ" म्हणायचं नाही. जवळ दिलेलं औषध त्यांच्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे द्यायचं आणि गाडी काढायची.

आता यजमानांकडे वळू. त्यांना केटरर हवाय यात मला हौसेबरोबर तुमची काळजीही दिसते. बायको मार्च महिन्यात वाकून मरू नये असंच त्यांनाही वाटत असणार. त्यांची हौस मारू नका, तिला वळण लावा. चॉकलेटचं कारंजं मात्र नकोच. १८ मुलांची बोटं त्याच धारेत जातात आणि तेच कोमट चॉकलेट दोन तास फिरत राहतं. पाणीपुरी-चाटही नको. पाण्याचा भरवसा नाही, चिंचेच्या पाण्यात बुडालेले हात नकोत, शिवाय फरसाणात दाणे असतातच. पिझ्झा-नूडल्स मोठी मुलं कधीही खातात. त्याऐवजी एकच गरमागरम गाडा घरी बोलवा, लोणी डोशाचा. आपल्याकडे लहानथोर सगळ्यांना तो आवडतो, समोर तव्यावर होताना बघायलाही मजा येते आणि थंड-शिळं व्हायचा प्रश्न नाही. भाव माणशी ठरवू नका, डोशांच्या संख्येवर ठरवा. ३५ मोठ्यांचे सरासरी दोन म्हणजे ७०, मोठ्या दहा मुलांचा एकेक, असे मिळून ८०, वर पाच जास्तीचे. दोन वर्षांच्या मुलाचं पूर्ण ताट हा वाद तिथेच मिटतो. मुलांसाठीच्या छोट्या इडल्यांचं पीठही त्याच्याकडूनच घ्या, सकाळी.

गाडेवाल्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या आणि त्या यजमानांनीच सांगायच्या. चटणी फक्त ओलं खोबरं आणि डाळ्याची, दाण्याचा एक कण नको. तव्याला लोणी, शेंगतेल नको. आणि बटाट्याची भाजी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या उलथन्यानं, कारण शेजारचे कांदा-बटाटा खात नसतील तर त्यांचे डोसे आधी, स्वच्छ तव्यावर, नुसत्या चटणीबरोबर निघाले पाहिजेत. काय चालतं ते त्यांनाच विचारा, प्रत्येक घराचे नियम वेगळे असतात. एका मोठ्या तव्यावर एका वेळी पाच डोसे, एका खेपेला पाच मिनिटं धरली तर ८० डोशांना ८० मिनिटं लागतात. तोवर अर्धी माणसं ताटकळतील. म्हणून दोन तवे सांगा. गाडा गच्चीवर चढवू नका, खाली अंगणात लावा आणि मुलांच्या बाजूला आडवं टेबल टाका. तापलेला तवा आणि सिलिंडर तीन वर्षांच्या मुलांच्या हातापासून लांबच बरा. तिथे पूर्ण वेळ यजमान उभे राहतील. त्यांना पाहुणचार करायचाय ना, तो तिथे होईल.

सासूबाईंच्या पुरणपोळीबद्दल मला फार बोलायचं आहे. ५३ माणसांना दोन धरल्या तरी शंभरावर पोळ्या होतात. ६६ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईनं पहाटेपासून पुरण वाटून शंभर पोळ्या लाटायच्या, आणि पाच वाजता मुलांनी पोळीच्या कडा कुरतडून ठेवायच्या, हे मला बघवणार नाही. पण "आई, राहू द्या, बाहेरून मागवतो" असंही म्हणू नका. नातवाच्या वाढदिवसाला आजीच्या हातचं काहीतरी असलंच पाहिजे. पुरणपोळी तिथीच्या दिवशी करा. तिथीनं वाढदिवस वेगळ्या दिवशी येतो, त्या दिवशी देवाला नैवेद्य आणि घरातल्या पाच-सहा माणसांपुरत्या पोळ्या, कटाची आमटी, निवांत. आणि गच्चीवरच्या कार्यक्रमाला त्यांच्या हातची खपली गव्हाची खीर. आपल्या भागाचं याहून मोठं पक्वान्न मला माहीत नाही, आणि ती आदल्या दिवशी निम्मी करून ठेवता येते. किलोभर सडलेली, म्हणजे कांडून कोंडा काढलेली खपली शनिवारी सकाळी भिजत घालायची, रात्री कुकरला मऊ शिजवायची, गार झाली की फ्रिजमध्ये. रविवारी दुपारी त्यात पाऊण ते एक किलो गूळ घालून आटवायची, खोबरं, भाजून वाटलेली खसखस, वेलची-जायफळ, शेवटी आच बंद करून नारळाचं दूध. गाईचं दूध गरम गुळात घातलं तर फाटतं, ते त्या तुम्हाला सांगतीलच. एवढ्यात सहा लिटरच्या आसपास खीर होते, ५३ वाट्यांना पुरते. काजू अख्खे नकोत. मैत्रिणीच्या आईनं चालतं म्हटलं तर मोठ्यांच्या वाटीत वरून तुकडे, नाहीतर नाहीच. गूळ मुलांसाठी थोडा बेतानं.

म्हणजे मोठ्यांसाठी डोसा, मटार-भात, खीर. भाताला सगळ्यांत मिळून अडीच किलो तांदूळ पुरे, डोसा आहे बरोबर. फक्त तो भात चारच्या आधी करून ठेवू नका. शिजलेला भात दोन तासांहून जास्त वेळ बाहेर कोमट राहू देऊ नये, मार्चच्या उकाड्यात तर आणखी कमी. साडेचारला कुकर लावा, सव्वापाचला मुलांच्या पंगतीत वाढा, सातनंतर उरलेला कुणाच्या डब्यात भरून देऊ नका. खीर उरली तर लगेच फ्रिजमध्ये.

तीनच पदार्थ म्हणून कुणी नाक मुरडेल अशी धास्ती तुमच्या पत्रात ओळींमागे दिसते. एखादी मावशी म्हणेलही. गरम लोणी डोसा आणि आजीच्या हातची खपलीची खीर ताटात असताना ती किती वेळ म्हणेल?

केक दोन किलोचा पुरतो. एका किलोचे १६ ते २० छोटे तुकडे निघतात, मोठी माणसं अर्धाच घेतात. अंडं न घातलेला सांगा, म्हणजे शेजारच्यांनाही चालायची शक्यता. त्यांना आधी विचारून घ्या. क्रीमचा केक गच्चीवर मांडून ठेवू नका, ओवाळून झालं की फ्रिजमधून आणा. तो उभा राहावा म्हणून आत टोचलेल्या काड्या कापताना मोजून काढा. पाचला कापायचा, फोटो काढायचे आणि उचलून आत न्यायचा. तुकडे पंगत उठल्यानंतर. आधी केक दिला की इडली कोण खातं? साखरेनं मुलं उधळतात म्हणून मात्र घाबरू नका. या समजुतीवर झालेल्या अभ्यासांची एकत्र पडताळणी १९९५ साली प्रसिद्ध झाली होती आणि तिच्यात मुलांच्या वागण्यावर साखरेचा तसा परिणाम दिसला नाही. मुलं उधळतात ती इतकी मुलं एकत्र जमल्यानं, आणि वाढदिवसाला त्यांनी उधळायलाच हवं. साखर बेतानं द्यायची ती दातांसाठी आणि पोटासाठी. म्हणून डब्यातले रस आणि रंगीत शीतपेयं नकोत. माठातलं पाणी आणि मोठ्यांना ताक. जाताना मुलांच्या हातात गोळ्या-चॉकलेटची पिशवीही नको. खडूंची पेटी द्या.

तुमच्या वाट्याला काय आलं ते बघा. फोन दोन, मैत्रिणीच्या आईला आणि शेजारच्या काकूंना. शनिवारी संध्याकाळी फळं आणून ठेवणं. रविवारी इडल्या आणि कुकर. द्राक्षं नणंदेकडे, खीर सासूबाईंकडे, गाडा यजमानांकडे, वाढायला दोन मोठी पुतणी-भाची. आठ-दहा वर्षांच्या मुलींना वाढायला फार आवडतं, पण इडली आणि फळंच त्यांच्या हाती द्या, गरम भात-खीर मोठ्यांनी.

आणि तुमचे चिरंजीव. नवे कपडे, एवढी माणसं, सगळे त्याच्याकडे बघतायत, त्या गडबडीत तो इडलीलाही हात लावणार नाही अशी मला दाट शंका आहे. म्हणून रविवारी कुकरमध्ये एका डब्यात त्याचं रोजचं वरण नि मऊ भात लावून ठेवा, हिंग-हळद घालून, रोज असतो तसा. त्याची रोजची वाटी आणि चमचा पंगतीत मांडा. तो त्याच्या मित्रांच्या रांगेत बसेल, तुम्ही त्याच्या मागे बसा. कोण आलं, कोण गेलं ते त्या वीस मिनिटांत सासूबाई आणि यजमान बघतील. तूप जास्त घाला, वाढदिवस आहे.